फाटकापर्यंतचा रस्ता

मल्लेश्वरम, २३ जून १९५७

प्राणेश काल पुण्याला परत गेला. जाताना वडिलांसाठी आणलेली चाकांची खुर्ची ठेवून गेला आणि माझ्या जिवाला घोर लावून गेला.

"आई, असं किती दिवस चालणार?" म्हणाला. "अण्णा वर्षभर व्हरांड्याच्या पलीकडे गेलेले नाहीत. तू मठात जात नाहीस, मावशीकडे जात नाहीस. दोघं पुण्याला चला."

खोटं काहीच नव्हतं त्यात. दीड वर्षापूर्वी ह्यांना अर्धांग झाल्यापासून डावा हात, डावा पाय कामातून गेलाय. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांकडे न्यायला चौघांनी खुर्चीसकट उचललं, तर फाटकापाशी एकाचा पाय घसरला आणि हे चिखलात. सगळी गल्ली बघत होती. ज्या माणसाने उभी नोकरी म्हैसूर राज्यात रस्ते बांधण्यात काढली, तो आपल्याच दारात चिखलात लोळला. त्या दिवसापासून एकच हट्ट, मला कोणी उचलायचं नाही. व्हरांडा ते फाटक आमची एवढी लांब जागा, पण सगळी लाल माती. फाटकाजवळ तर वर्षभर दलदल. चाकांची खुर्ची काय तिथे नाव म्हणून वल्हवायची?

पण पुणं नको गं बाई. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मागे गेले होते तर भाजीवालीला म्हटलं, "स्वल्प कमी करा," आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. तीनशे वर्षं आमची माणसं इकडे राहिली, आता या वयात मी कुठे नवीन मराठी शिकू?

मी तसं म्हटल्यावर प्राणेश चिडला. "सरी, ठरलं," म्हणाला, "अण्णा आपल्या हाताने खुर्ची चालवत रस्त्यापर्यंत गेले, तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. दसऱ्याला येतो. नाही जमलं तर सामान बांधायचं." मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, संपलं.

आज सकाळी कॉफी दिली तर विचारतात, "माझी टेप कुठे ठेवलीस?"

३० जून

टेप सापडली. आता तिचं एक टोक मी धरायचं आणि दुसरं फाटकाच्या खांबाला बांधायचं. हे व्हरांड्यातून ओरडणार, "ताण! अजून ताण!" अंगणात नवऱ्याच्या आरोळ्या ऐकून शेजारच्या गोदूबाई कुंपणापाशी आल्या, काही भांडणबिंडण आहे का बघायला.

आवाज मात्र पूर्वीसारखा निघाला. जीभ अजून जड आहे, पण रागावले की शब्द सरळ येतात. हे मी डॉक्टरांना सांगायला हवं.

१२ जुलै

यल्लाप्पा म्हणून बेळगावकडचा गवंडी आहे, त्याला बोलावलं. चांगला माणूस, पण तोंडाचा पट्टा फार. म्हणतो, "अक्का, चार टोपल्या माती टाकून चोपून देतो की. त्यात काय एवढं?"

"चार टोपल्या माती म्हणजे चार टोपल्या चिखल," हे म्हणाले. मग ह्यांनी त्याला सगळं समजावलं, आणि मीही ऐकलं. आधी वरची माती उकरून काढायची. मग तळाला गोणपाट अंथरायचं, डांबर लावलेलं. त्याच्यावर मोठे दगड. त्याच्यावर खडी, तिला यल्लाप्पा जल्ली म्हणतो.

"राव, मातीखाली कापड कशाला हो घालायचं? मढं पुरायचंय का?"

मी अंगावर धावून गेले. आजारी माणसापुढे काय बोलावं याला काही सुमार? पण ह्यांना काही वाटलंच नाही. म्हणाले, "खालचा चिखल वर यायला बघतो, वरचा दगड खाली रुतायला बघतो. मधे पडदा घातला की दोघं आपापल्या जागी राहतात." संसाराचंही तसंच आहे, असं मी मनात म्हटलं. यल्लाप्पाला पटलं नाही, पण मुकाट्याने फावडं घेतलं.

२१ जुलै

खणून झालं. माझी अबोलीची रांग गेली. चाकांच्या खुर्चीला एवढा रुंद रस्ता कशाला, विचारलं तर उत्तर नाही. ऐकू न येण्याचा आजार ह्यांना अर्धांगाच्या आधीपासून आहे.

४ ऑगस्ट

सगळा आठवडा गोणपाट शिवण्यात गेला. रिकामी पोती उसवायची, एकाला एक जोडायची, दाभण आणि सुतळी घेऊन. बोटांची चाळण झाली. त्यात माझी मडी, माझं सोवळं! पोत्याला हात लावला की पुन्हा आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. गोदूबाई मदतीला बसल्या खऱ्या, पण हात कमी आणि तोंड जास्त.

"अहल्याबाई, जगात लोक मुलींना परकर शिवतात. तुम्ही रस्त्याला परकर शिवताय!"

ह्यांना ऐकू गेलं. ओठाचा उजवा कोपरा हलला. डावा अजून हलत नाही. पण दीड वर्षात तेवढंही हललं नव्हतं, म्हणून मी गोदूबाईंना आणखी एक भांडं कॉफी दिली.

१९ ऑगस्ट

डांबर लावताना अंगणाचा नरक झाला. वास अजून घरात आहे, देवाच्या फुलांनासुद्धा लागलाय. पण गोणपाट छान बसलं, एका पट्टीची कड दुसरीवर चढवून. मग दगड. यल्लाप्पाची माणसं धुम्मस घेऊन चोपत होती आणि हे खुर्चीत बसून उजव्या पायाने जमिनीवर ताल धरत होते. चुकीच्या जागी धुम्मस पडलं की, "तिथे नाही, डोळे फुटले का!" यल्लाप्पा मला हळूच म्हणाला, "अक्का, राव आजारी आहेत म्हणून सांगितलं होतं तुम्ही." मी म्हटलं, "आहेतच. पण आता स्वल्प बरे आहेत."

जेवणात आज ह्यांनी दुसऱ्यांदा सारू-भात मागितला.

९ सप्टेंबर

गौरी-गणपतीत काम बंद होतं. रस्ता काल पुरा झाला. आणि माझंच नशीब, काल अनंताची पूजा. सकाळपासून मडीत, स्वयंपाकघर आणि देवघर, देवघर आणि स्वयंपाकघर. बाहेर शाळेच्या मैदानावरून आणलेला दगडी रोलर गडगडत होता, ह्यांच्या आरोळ्या चालल्या होत्या, पाणी ओतत होते, पण मला डोकावून बघायला फुरसत नाही. संध्याकाळी बाहेर आले तर काय सुरेख दिसत होतं! करड्या रंगाचा, मधे किंचित उंच, दोन्ही कडांना उतरता. पायऱ्यांवर फळ्यांचा उतारही ठोकून झाला होता.

ह्यांनी मला काठापर्यंत बोलावलं. "पाऊल ठेव," म्हणाले. ठेवलं. सिमेंटच्या जमिनीसारखं घट्ट.

फक्त यल्लाप्पाने जाताना सगळीकडे दगडाची धूळ तशीच पसरून ठेवली होती. काम संपलं की जागा साफ करून जावं, एवढी रीत या लोकांना नाही. असो. उद्या मी बघते.

१० सप्टेंबर

पहाटे उठून नवीन खराट्याने रस्ता फाटकापर्यंत लख्ख झाडला. टोपलीभर धूळ निघाली! दारात केर ठेवून लक्ष्मी कशी आत यायची? आणि ह्यांच्या चाकाखाली कणसुद्धा येता कामा नये. झाडून मग सडा, मग फाटकाशी रांगोळी. खडीवर रांगोळीची रेघ नीट उमटत नाही, तेवढीच एक चुटपूट.

हे गोळीमुळे सातपर्यंत झोपलेले असतात. उठून बाहेर येतील तेव्हा सगळं स्वच्छ.

दुपारी खुर्ची अर्ध्या वाटेपर्यंत नेऊन आणली, आपल्या हाताने! उजव्या हाताने चाक लोटायचं, उजव्या पायाने दिशा धरायची. मी मागे चालत होते तर म्हणाले, "सावलीसारखी येऊ नकोस." आत येऊन तोंडाला पदर लावला आणि मनसोक्त रडले.

१५ सप्टेंबर

रोज झाडते, रोज टोपली भरते. कुठून एवढी धूळ येते कोण जाणे. पण धूळ आहे मोठी गुणाची. देवाची उपकरणी घासली तर सोन्यासारखी झाली. गोदूबाईंनाही डबा भरून दिली. उरलेली तुळशीकट्ट्याभोवती घातली, तिथे बसायला छान जागा झाली.

१९ सप्टेंबर

रस्त्याला काहीतरी झालंय. खडी सुटी व्हायला लागली आहे. पायाखाली खसखस वाजते. यल्लाप्पाने नक्कीच हलका माल घातला. काल निरोप पाठवून बोलावलं आणि चांगलं फैलावर घेतलं. तो देवाशपथ म्हणतो, "अक्का, रावांच्या डोळ्यांसमोर घातलं की सगळं! मी कशाला फसवू?" आणि खडीत हात घालून डोकं खाजवत बसला. त्यालाही काही कळेना. काम करणाऱ्यालाच कळत नाही, तर आम्ही कोणाला विचारायचं?

मी माझ्याकडून जास्त जोर लावून झाडते आहे. निदान वर तरी साफ असावं.

२४ सप्टेंबर

आजचा दिवस पुन्हा न यावा.

दुपारी हे निघाले. फाटकाच्या अलीकडे खुर्चीची पुढची लहान चाकं खडीत रुतली. उजव्या हाताने जोर केला तर खुर्ची जागच्या जागी वळली आणि तिरपी झाली. मी धावले. "हात लावू नकोस!" घामाने निथळत होते. खूप वेळ तसेच झटत राहिले. शेवटी मान खाली घातली आणि म्हणाले, "ओढ."

मी ओढत आणलं. संध्याकाळी खोलीत बसून म्हणाले, "माझंच डोकं गेलंय. कुठेतरी चुकलं, आणि कुठे चुकलं ते सापडत नाही. असले रस्ते मी डोळे मिटून करत होतो. अर्धांग नुसतं हातापायाला झालेलं नाही, अहल्या."

मी म्हटलं, "काहीतरीच काय! तो यल्लाप्पा लबाड आहे."

"त्याने मी सांगितलं तसंच केलं. मी चुकीचं सांगितलं असणार." मग म्हणाले, "प्राणेशला कळव. येतो म्हणावं."

जेवले नाहीत. मी पण नाही. पुण्याचं मला आता काही वाटेना. दोन खोल्या तर दोन खोल्या. पण हा माणूस आपलं डोकं गेलं असं समजून तिथे तिसऱ्या मजल्यावर बसणार, आणि मी ते बघत राहणार, हे मला कसं सोसेल?

पत्र लिहायला घेतलं नाही अजून. उद्या लिहीन म्हणते.

२७ सप्टेंबर

लिहिलं नाही तेच बरं झालं! आधी हे लिहून ठेवते.

ह्यांना हल्ली झोप नाही. गोळी घेऊनही नाही. आज फटफटायच्या वेळी हे एकटेच पलंगाची कड धरून खुर्चीत आले आणि व्हरांड्यात येऊन बसले. मला पत्ता नाही. मी आपली पदर खोचून खराटा मारत फाटकाकडून इकडे येत होते. टोपली भरत आली होती.

"हे काय करतेस?"

मी दचकले. "दिसत नाही? झाडतेय."

"रोज झाडतेस?"

"मग? सणासुदीलाच झाडायचं असतं का दार?"

"त्या टोपलीत काय आहे?"

"केर. दुसरं काय असणार टोपलीत?"

"आण इकडे."

नेली. ह्यांनी टोपलीत हात घातला, मूठ भरून घेतली, बोटांत चोळून पाहिली. तोंड असं झालं की मला वाटलं पुन्हा झटका येतोय. आणि मग हे हसायला लागले. उजवं तोंड हसतंय, डावं आपलं तसंच, डोळ्यांतून पाणी वाहतंय, खुर्ची हलतेय. मी घाबरून पाठीवरून हात फिरवायला लागले.

"अगं, हा केर नाही. हा रस्ता आहे!"

मला काही कळेना.

"दगडाचा चुरा आहे हा. खडीच्या फटींत तो बसतो म्हणून खडी धरून राहते. अनंताच्या दिवशी एवढ्यासाठी पसरायला लावला मी. आणि तू रोज पहाटे उठून माझा रस्ता टोपलीत भरून नेतेस!"

लाजेने मेले मी. मग राग आला. "मग सांगायला काय झालं होतं आधी? मी मडीत होते, मला काय स्वप्न पडणार? दगडाच्या धुळीला कोणी रस्ता म्हणतं का?"

पण हे ऐकतच नव्हते. "म्हणजे हिशेब बरोबर होता," म्हणत होते. "गोणपाट बरोबर, खडी बरोबर, सगळं बरोबर. अहल्या, माझं डोकं शाबूत आहे गं!" पुन्हा पुन्हा तेच, आणि माझा हात सोडेनात. मी त्यांचं तोंड पाहिलं आणि माझी लाज कुठल्या कुठे पळाली. असली चूक माझ्या हातून दहा वेळा होवो.

२८ सप्टेंबर

तुळशीकट्ट्याभोवतीचा चुरा खरवडून काढला. गोदूबाईंकडे डबा मागायला गेले तर म्हणतात, "दिलेली वस्तू परत मागणारे तुम्हीच पाहिले." अर्धा डबा परत दिला, उरलेल्याने त्यांची घागर आधीच चकचकली आहे. कमी पडला तो यल्लाप्पाने आणला. त्याला सगळी हकीकत कळली तेव्हा जमिनीवरच बसला. "अक्का, मला दिलेल्या शिव्या आता कुणाला देऊ मी?"

मी माफी वगैरे मागितली नाही. त्याला दोनदा कॉफी दिली आणि उप्पिट्टावर तूप घातलं. समजायचं ते समजला.

चुरा पसरून, पाणी शिंपून पुन्हा रोलर फिरवला. रांगोळीसाठी ह्यांनी फाटकाबाहेर एक सपाट दगडी फरशी बसवून दिली. आणि आमच्यात ठराव झाला. सडा हवा तेवढा घालायचा, पाण्याने चुरा आणखी घट्ट बसतो. शेणही चालेल. पण फाटकाच्या आत खराटा नाही.

मन मानत नाही. आज पहाटे पानं हाताने वेचली. दारात धूळ दिसतेय आणि आपण बघत बसायचं, माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी घर सोडलं असतं.

२ ऑक्टोबर, आयुधपूजा

प्राणेश सकाळच्या गाडीने आला. येताना मोठी ट्रंक आणली, सामान भरायला. ती रिकामी ट्रंक मी दारातून ओढून कोपऱ्यात सरकवली, डोळ्यांसमोर नको म्हणून.

सगळ्या गल्लीत मोटारी, सायकली धुऊन झेंडू घातलेले. हे म्हणाले, "माझंही वाहन आहे." मग काय, खुर्ची धुतली, हळद-कुंकू लावलं, माळ घातली. धुम्मस आणि टेपही पूजेला बसली. कोहळा फोडून झाल्यावर ह्यांनी मला चाकाखाली लिंबू ठेवायला सांगितलं. प्राणेश म्हणाला, "अण्णा, सावकाश. मी धरतो."

"तू तिथेच थांब."

लिंबू फचकन फुटलं आणि खुर्ची निघाली. हात आणि पाय, हात आणि पाय. फाटकाच्या अलीकडे, मागे रुतली होती तिथेच, चाक अडखळलं. प्राणेश पुढे झेपावला. मी मागून त्याचा सदरा धरला. किती घट्ट धरला होता ते नंतर कळलं, शिवण उसवली. ह्यांनी दम घेतला, पुढे वाकले आणि लोटलं. चाक गेलं! अगदी सहज गेलं. फाटक, फरशी, माझी रांगोळी पुसून, सरळ रस्त्यावर.

भर रस्त्यात जाऊन थांबले आणि इकडेतिकडे बघत बसले. एका बैलगाडीवाल्याला बाजूने वळवून न्यावी लागली. तो कन्नडमध्ये पुटपुटला, तर ह्यांनी त्याच्याहून मोठ्याने उत्तर दिलं. गोदूबाई गच्चीवरून टाळ्या वाजवत होत्या. मला जमिनीवर बसावंसं वाटलं आणि मी बसलेच, तिथेच, फळ्यांच्या उतारावर.

प्राणेश माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "आई, तिकडे आम्ही खोली रिकामी करून ठेवली होती."

"आता तिथे पुन्हा आपलं सामान लाव," म्हटलं. मला वाटलं होतं त्याला वाईट वाटेल, एवढी ट्रंक घेऊन आला होता. पण पोरगा दिवसभर शिट्टी वाजवत हिंडत होता आणि जेवताना पुरणाचे होळिगे मी नको म्हणेपर्यंत खाल्ले. मुलांचं मन काही कळत नाही बाई.

१४ ऑक्टोबर

प्राणेश परवा गेला. ट्रंक इथेच सोडून गेला, गाद्या ठेवायला होईल.

आज सकाळी हे म्हणाले, "आपली गल्ली संपते त्या क्रॉसवर खात्याची माणसं गटार खणतायत. उतार चुकवणार, बघ. जाऊन येतो."

जाऊन येतो! हे शब्द या घरात मी किती दिवसांनी ऐकले. खुर्ची फाटकाबाहेर गेली, वळली, कुंपणाआड दिसेनाशी झाली. मी व्हरांड्यात उभी राहिले. मग आत आले. घरात कोणी नव्हतं. औषध द्यायचं नव्हतं, उशी सरकवायची नव्हती, हाकेला ओ द्यायची नव्हती. मला काही सुचेना. डाळ निवडायला घेतली, ठेवली. देवघरात गेले, बाहेर आले. शेवटी मधल्या घरात गार जमिनीवर आडवी झाले. किती दमले होते मी! ह्यांच्यासमोर कधी म्हटलं नाही, स्वतःशीसुद्धा म्हटलं नाही. कोणी ऐकणारं नव्हतं, तेव्हा मोठ्याने म्हणून पाहिलं, "दमले गं बाई." आणि झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन फिरलं होतं. हे उंबऱ्यापाशी खुर्चीत बसून होते, पायावर लाल माती.

मी धडपडून उठले. "कधी आलात? हाक नाही का मारायची? जेवायचे राहिलात ना!"

"झोपली होतीस."

"म्हणून काय झालं?"

"काही नाही झालं," हे म्हणाले. "उद्या मी आणखी एक क्रॉस पुढे जातो. तू आणखी स्वल्प झोप."